जोखीम चालकाची, नफा मालकाचा

भांडवलदाराला नफा का मिळावा, या प्रश्नाला भांडवलशाही अर्थशास्त्राने आजवर अनेक उत्तरे दिली आहेत. तो आपला उपभोग लांबणीवर टाकतो म्हणून, तो उत्पादनाची जुळणी करतो म्हणून, तो नवनवे प्रयोग करतो म्हणून. या सर्वांत टिकाऊ ठरलेले उत्तर म्हणजे जोखमीचे. कामगाराला महिन्याचा पगार ठरलेला असतो, मालकाचे मात्र सर्वस्व पणाला लागलेले असते. सबब नफा हा जोखमीचा मोबदला होय, असे हे प्रतिपादन आहे. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली त्याला शास्त्रीय रूप दिले. ज्या धोक्याचे गणित मांडता येते त्याचा विमा उतरविता येतो. ज्याचे गणितच मांडता येत नाही ती अनिश्चितता, आणि ती अंगावर घेणाऱ्याचा हक्क म्हणजे नफा, असे त्याने सांगितले. महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या हे शिकविले गेले, आणि कामगारांच्या सभेतही एखादा चुणचुणीत तरुण उठून हाच प्रश्न विचारतो : मालक धोका पत्करतो, तर त्याने नफा का घेऊ नये?

या सिद्धांताची परीक्षा पाहावयाची तर जेथे जोखीम हा अलंकारिक शब्द उरत नाही, जेथे ती रक्त, हाडे आणि पेट्रोल यांच्या भाषेत बोलते, अशा व्यवसायाकडे वळावे. मोटारशर्यत हा तो व्यवसाय. जोखीम आणि मोबदला यांचे नाते खरोखरच सिद्धांतात म्हटल्याप्रमाणे असेल तर ते येथे लख्ख दिसले पाहिजे. प्रत्यक्षात दिसते ते असे की, गेल्या पाऊणशे वर्षांत या धंद्यातील जोखीम सातत्याने एका बाजूला साचत गेली आणि मोबदला दुसऱ्या बाजूला.

११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल माँ येथे चोवीस तासांची प्रसिद्ध शर्यत दुपारी चार वाजता सुरू झाली. सायंकाळी साडेसहाच्या सुमारास पिएर लव्हेग या चालकाची मर्सिडीज पुढच्या एका ऑस्टिन-हीलीच्या मागील भागावर चढली, हवेत उडाली आणि प्रेक्षकांच्या बाजूच्या बांधावर आदळून फुटली. इंजिन आणि पुढची चाके सुटून थेट गर्दीत घुसली. गाडीचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. ते पेटल्यावर पाणी मारताच अधिकच भडकले. लव्हेगसह ऐंशीहून अधिक माणसे मेली. यानंतर शर्यत थांबली असेल अशी कोणाचीही कल्पना होईल. ती थांबली नाही. गर्दी एकदम बाहेर पडली तर रुग्णवाहिकांचे रस्ते तुंबतील, असे आयोजकांनी कारण दिले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत गाड्या फिरत राहिल्या. मर्सिडीजने मध्यरात्रीनंतर, आघाडीवर असताना, आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या. जग्वारने घेतल्या नाहीत आणि तीच जिंकली. चौकशीत कोणाही चालकाला दोषी धरण्यात आले नाही. दोष निघाला तो मार्गाचा : १९२३ साली ज्या वेगाच्या गाड्यांसाठी तो सरळ टप्पा होता, त्याच्या कितीतरी पट वेगाच्या गाड्या तेथून धावत होत्या, आणि गाड्या थांबण्याची जागा व धावण्याची जागा यांमध्ये साधी भिंतदेखील नव्हती. भिंतीचा खर्च कोणी करावयाचा होता? ज्याने तिकिटे विकली त्याने. स्वित्झर्लंडने मात्र या घटनेनंतर आपल्या भूमीवर गोलाकार मार्गांवरील मोटारशर्यतींवर बंदी घातली आणि ती अनेक दशके टिकली. एका छोट्या देशाने दाखविलेला हा कणखरपणा मोठमोठ्या देशांच्या क्रीडाप्रेमापेक्षा अधिक आदरणीय आहे.

दोनच वर्षांनी, मे १९५७ मध्ये, इटलीतील मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतीत फेरारीचा टायर फुटून गाडी रस्त्याकडेच्या गावकऱ्यांत शिरली. दोघे स्पर्धक आणि नऊ प्रेक्षक मेले. त्या नवांत पाच मुले होती. एन्झो फेरारी यांच्यावर मनुष्यवधाचा खटला भरला गेला आणि १९६१ साली ते निर्दोष सुटले. ज्या मुलांचे घर हमरस्त्यावर होते त्यांनी कोणती जोखीम, कोणत्या नफ्याच्या आशेने पत्करली होती, हे नाइटच्या ग्रंथात सापडणार नाही.

प्रेक्षकांचा विषय येथे सोडून चालकाकडे यावे, कारण सिद्धांताची खरी कसोटी तोच आहे. चालकाविषयी एक दंतकथा वर्तमानपत्रांनी आणि कंपन्यांच्या प्रसिद्धी खात्यांनी मोठ्या कष्टाने रचली आहे. तो शूर, मृत्यूशी खेळणारा, सुरक्षिततेची भाषा ज्याला शोभत नाही असा. ही दंतकथा कोणाच्या सोयीची आहे? मरण हेच ज्याचे भूषण ठरविले, त्याच्यासाठी रुग्णवाहिका ठेवण्याचा खर्च वाचतो.

१९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे जॅकी स्टुअर्ट या स्कॉटिश चालकाची गाडी पावसात घसरून कोसळली. गाडीत तो सुमारे पंचवीस मिनिटे अडकून पडला आणि फुटलेल्या टाकीतले पेट्रोल त्याच्या अंगावर पाझरत राहिले. त्याला बाहेर काढले ते आयोजकांनी नव्हे. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोघा प्रतिस्पर्धी चालकांनी स्वतःच्या शर्यतीवर पाणी सोडले आणि एका प्रेक्षकाच्या मोटारीतला पाना मागून आणून त्याच्या गाडीचे सुकाणू सोडविले. ज्या जागी त्याला प्रथमोपचारासाठी ठेवले तेथील जमिनीवर सिगारेटची थोटके पडलेली होती, आणि रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका वाट चुकली. स्टुअर्ट बरा झाला आणि त्यानंतर स्वतःच्या सुकाणूला एक पाना बांधून शर्यतीत उतरू लागला. जगातील अत्यंत प्रगत यंत्रविद्येचे प्रदर्शन म्हणून ज्या खेळाचे ढोल बडविले जातात, त्याच्या सुरक्षाव्यवस्थेचे १९६६ सालचे हे चित्र : चिकटपट्टीने बांधलेला एक पाना.

पुढे स्टुअर्टने चालकांच्या संघटनेला, १९६१ साली स्थापन झालेल्या ‘ग्रां प्री ड्रायव्हर्स असोसिएशन’ला, खऱ्या अर्थाने कामाला लावले. कठडे, अग्निशामक व्यवस्था, वैद्यकीय मदत आणि पोटपट्टे या तिच्या मागण्या होत्या. १९६९ साली स्पाची शर्यत चालकांच्या बहिष्कारामुळे झाली नाही. १९७० साली जर्मनीतील नुर्बुर्गरिंग येथे मागण्या मान्य न झाल्याने शर्यत हॉकेनहाइमला हलवावी लागली. या काळात स्टुअर्टला भेकड म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांत मार्गांचे मालक होते आणि आरामखुर्चीत बसून धाडसाची महती गाणारे लेखकही होते. गिरणीत पट्ट्याला जाळी बसवा म्हणणाऱ्या कामगाराला ‘कामचुकार’ म्हणणारा मुकादम ज्याने पाहिला आहे त्याला ही भाषा ओळखीची वाटेल.

मागणी मान्य न झाल्यास काय होते, याचे उत्तर हॉलंडमध्ये २९ जुलै १९७३ रोजी मिळाले. झांडव्हुर्टच्या मार्गावर रॉजर विल्यमसन या तरुणाची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली या दुसऱ्या चालकाने आपली गाडी थांबविली, तो धावत गेला आणि एकट्याने ती जळती गाडी उलथवू पाहू लागला. बाजूला उभ्या असलेल्या मार्शलांच्या अंगावर आगीपासून वाचविणारे कपडे नव्हते. ते पुढे होऊ शकले नाहीत. शर्यत चालूच राहिली. विल्यमसन आत गुदमरून मेला. पर्लीला पुढे ब्रिटनचे जॉर्ज पदक मिळाले. पदक देणे अग्निरोधक कपडे देण्यापेक्षा स्वस्त असते.

बार्सिलोनाचे उदाहरण तर कोणत्याही कामगार शिबिरात अभ्यासाला ठेवावे असे आहे. एप्रिल १९७५ मध्ये माँजुईक टेकडीवरील शर्यतीपूर्वी चालकांनी मार्गाची पाहणी केली तेव्हा लोखंडी कठड्यांचे बोल्ट कित्येक ठिकाणी सैल असल्याचे, काही जागी बोल्टच नसल्याचे आढळले. त्यांनी गाड्या काढावयास नकार दिला. फ्रँको तेव्हा हयात होता. आयोजकांनी संघांना धमकी दिली की शर्यत न झाल्यास गाड्या अटकावून ठेवू. मेकॅनिकांनी रात्री स्वतः पाने घेऊन बोल्ट आवळले, आणि चालकांच्या नकाराचा कणा मोडला. तत्कालीन जगज्जेता एमर्सन फिटिपाल्डी याने मात्र संथ गतीने नाममात्र फेऱ्या पूर्ण करून गाडी बाजूला ठेवली आणि तो निघून गेला. शर्यतीत रोल्फ स्टोमेलेन आघाडीवर असताना त्याच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी कठड्यापलीकडे गेली आणि तेथे उभी असलेली माणसे मेली. पंचाहत्तर फेऱ्यांची शर्यत एकोणतिसाव्या फेरीत थांबवून निम्मे गुण वाटण्यात आले. (त्यातील अर्धा गुण लेला लोम्बार्डी या इटालियन महिलेला मिळाला. या स्पर्धेच्या इतिहासात गुण मिळविणारी ती आजवरची एकमेव स्त्री. तिचा विक्रमही अशा दिवशी नोंदला गेला.) माँजुईकला त्यानंतर ही शर्यत कधीही झाली नाही. कामगाराच्या पाहणीला किंमत द्यावयाची नाही आणि अपघातानंतर कारखानाच बंद करावयाचा, ही रीत सर्व उद्योगांत एकच दिसते.

चालकांच्या लढ्याचा कळसाध्याय दक्षिण आफ्रिकेत घडला, आणि त्यातील विसंगतीही तितकीच ठळक आहे. जानेवारी १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियामक संस्थेने, तिचे अध्यक्ष तेव्हा जाँ-मारी बालेस्त्र होते, चालकांसाठी नवा परवाना आणला. त्यात चालकाला त्याच्या संघाशी जखडणारी आणि संस्थेविरुद्ध बोलण्यास आडकाठी करणारी कलमे होती. निकी लाउडा हा ऑस्ट्रियन चालक शर्यतींतून निवृत्त होऊन नुकताच परतला होता. त्याने कागद नीट वाचला आणि इतरांना सावध केले. सही करण्यापूर्वी करार वाचणारा एक माणूस असला तर काय घडू शकते, ते पुढे दिसले. सरावाच्या दिवशी सकाळी क्यालामीच्या मार्गाबाहेर लाउडा आणि संघटनेचा अध्यक्ष दिदिए पिरोनी यांनी एक बस उभी केली. येणारा एकेक चालक बसमध्ये चढला आणि बस जोहान्सबर्गच्या एका हॉटेलकडे निघाली. पिरोनी वाटाघाटींसाठी मागे राहिला. बाकीचे सारे, त्यांत कित्येक जण एकमेकांचे हाडवैरी, एकाच दालनात गाद्या टाकून झोपले. संघमालकांची माणसे दार फोडावयास आली तेव्हा आतून पियानो आडवा लावण्यात आला. एल्यो दे आंजेलिस या इटालियन चालकाने तोच पियानो वाजवून सोबत्यांची रात्र काढली. एक चालक फुटून बाहेर पडला. बाकीचे टिकले. दुसऱ्या दिवशी आश्वासन मिळाले, गाड्या धावल्या आणि २३ जानेवारीला शर्यत झाली. ती आटोपताच, ज्याची अपेक्षा होती तेच झाले : आश्वासने देणाऱ्यांनी परवाने रद्द केल्याचे जाहीर केले आणि दंड ठोठावले. अपिलात ते सौम्य झाले.

या संपाचे गुणगान करताना त्याची मर्यादा लपविण्याचे कारण नाही. ज्या देशात कृष्णवर्णीय बहुसंख्यांना मतदानाचाही अधिकार नव्हता, तेथे हे लोक स्वतःच्या करारस्वातंत्र्यासाठी भांडले आणि यजमान देशाबद्दल मौन पाळून शर्यतीत उतरले. त्यांच्याबरोबर मेकॅनिक नव्हते. मेकॅनिकांना बरोबर घ्यावे असे त्यांना सुचलेही नसावे. पियानोच्या आतली एकजूट पियानोच्या बाहेर गेली नाही. वर्णभेदाचा प्रश्न या खेळाला भिडला तो १९८५ साली, आणि तोही चालकांच्या संघटनेमुळे नव्हे. फ्रान्समध्ये मितराँ यांचे समाजवादी सरकार होते. रेनॉल्ट ही सरकारी मालकीची कंपनी होती. सरकारच्या भूमिकेनुसार रेनॉल्ट आणि लिजिए हे फ्रेंच संघ क्यालामीला गेले नाहीत. वर्णभेदी राजवट मोडकळीस येईपर्यंत तेथे पुन्हा शर्यत झाली नाही. सार्वजनिक मालकीच्या उद्योगाला लोकांपुढे जाब द्यावा लागतो म्हणजे काय, हे सांगताना आपल्याकडे नेहमी पोलाद आणि रेल्वे यांचीच उदाहरणे दिली जातात. हेही देता येईल.

क्यालामीनंतर त्याच वर्षी चालकांची संघटना विसर्जित झाली. बारा वर्षे चालकांना संघटना नव्हती. ३० एप्रिल १९९४ रोजी इटलीतील इमोला येथे रोलंड रात्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन चालक मेला. पैसे उभे करून, पाच शर्यतींपुरती जागा मिळवून तो आला होता. दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर आयर्टन सेना मेला, आणि त्याच दिवशी सकाळी चालकांची संघटना पुन्हा उभी करण्याविषयी त्याचे सहकाऱ्यांशी बोलणे झाले होते. पंधरवड्यात मोनाको येथे ती पुनर्घटित झाली. आज मार्ग अधिक सुरक्षित आहेत, गाडीचा सांगाडा अधिक मजबूत आहे आणि डोक्याभोवती ‘हेलो’ नावाचे कडे आहे. ते कडे २०१८ साली आले तेव्हा त्याने गाडीचे रूप बिघडते म्हणून कित्येकांनी नाके मुरडली. २०२० साली बहारीनमध्ये रोमँ ग्रोजाँची गाडी कठडा फाडून आत घुसली व पेटली आणि तो सुमारे अर्ध्या मिनिटाने ज्वाळांतून चालत बाहेर आला, तेव्हा ती नाके सरळ झाली. ही सारी बाजाराची देणगी म्हणून आज सांगितली जाते. ती मागणी, नकार, बहिष्कार आणि प्रेते यांच्या क्रमाने आलेली आहे.

आजचे आघाडीचे चालक कोट्यधीश आहेत, त्यांना कामगार कसे म्हणावे, असा आक्षेप येईल. तो योग्यच आहे, आणि त्यांच्यासाठी कोणी वर्गणी गोळा करावी असेही नाही. परंतु धोक्याच्या उतरंडीत त्यांच्याखाली कोण आहे ते पाहावे. मार्गाच्या कडेला झेंडे घेऊन उभे असणारे, अपघात होताच धावत जाणारे मार्शल बहुतेक ठिकाणी बिनपगारी स्वयंसेवक असतात. १९७७ साली क्यालामीला फ्रेडरिक यान्सेन व्हान व्हुरेन हा एकोणीस वर्षांचा मुलगा अग्निशामक नळकांडे घेऊन मार्ग ओलांडत असताना टॉम प्राइसच्या गाडीखाली सापडला. तो मेला, आणि ते नळकांडे डोक्यावर बसून प्राइसही मेला. २००० साली मोंझा येथे, २००१ साली मेलबर्न येथे आणि २०१३ साली माँट्रियल येथे असेच कार्यकर्ते मेले. जगातील अत्यंत श्रीमंत खेळाचा सर्वांत धोक्याचा हुद्दा हौसेवर चालतो.

आता नफ्याची बाजू. २००१ साली या स्पर्धेच्या नियामक संस्थेने तिचे व्यापारी हक्क, २०११ पासून २११० पर्यंत, शंभर वर्षांसाठी, बर्नी एकलस्टन यांच्याशी संबंधित कंपनीला सुमारे ३१ कोटी डॉलरना देऊन टाकले. शंभर वर्षे! सरंजामदारांच्या सनदाही पुष्कळदा इतक्या दीर्घ मुदतीच्या नसत. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील लिबर्टी मीडिया या कंपनीने हा धंदा, कर्जासह, सुमारे ८०० कोटी डॉलरना घेतला. या दोन व्यवहारांच्या दरम्यान मालकांपैकी कोणीही ताशी तीनशे किलोमीटर वेगाने कोठेही आदळले नव्हते. २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा घालण्यात आली, पहिल्या वर्षी १४ कोटी ५० लाख डॉलर. आणि काटकसरीच्या या थोर नियमातून चालकांचे मानधन व प्रत्येक संघातील सर्वाधिक पगाराच्या तीन व्यक्तींचे वेतन वगळण्यात आले. मेकॅनिकचा आणि अभियंत्याचा पगार मात्र मर्यादेच्या आत. काटकसर कोठे करावयाची हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता आले नसते.

भांडवलाच्या या दरबारात राजकीय पक्षही कसे वाकतात, याचा धडा समाजवाद्यांनी विशेष लक्षपूर्वक घ्यावा, कारण वाकणारा पक्ष ब्रिटनचा मजूर पक्ष होता. तंबाखूच्या कंपन्यांनी १९६८ पासून या गाड्यांना आपले फलक बनविले होते. जानेवारी १९९७ मध्ये एकलस्टन यांनी मजूर पक्षाला दहा लाख पौंड दिले. मे महिन्यात पक्ष सत्तेवर आला. आणि नोव्हेंबरमध्ये उघडकीस आले की तंबाखूच्या जाहिरातबंदीतून मोटारशर्यतींना सूट मिळावी असा सरकारचा प्रयत्न चालला आहे. गवगवा झाल्यावर देणगी परत करण्यात आली. तंबाखूने मरणाऱ्यांत मजूर पक्षाच्या मतदारांचे प्रमाण किती मोठे असेल, याचा हिशेब कोणी मांडला होता काय?

शर्यतीतून निघालेले तंत्रज्ञान अखेर सामान्य माणसाच्या मोटारीत येते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते थोडे आहे. चकतीचे ब्रेक जग्वारने १९५३ साली ल माँला वापरून त्यांची उपयुक्तता सिद्ध केली, हे खरे. परंतु रस्त्यावर ज्या एका साधनाने अगणित जीव वाचविले तो तीन टोकांचा पट्टा शर्यतीतून आलेला नाही. विमानाच्या बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केलेल्या निल्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने तो १९५९ साली व्होल्व्होसाठी तयार केला, आणि कंपनीने त्याचे हक्क सर्वांना खुले ठेवले. ब्रेकसाठी शंभर वर्षांची सनद देण्याचे कारण नाही.

हे सर्व दूरदेशीचे झाले. पण ही उतरंड भारतातही आणून बसविण्यात आली, आणि येथे तिच्या तळाशी शेतकरी आला. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या परिसरात जेपी समूहाने बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट बांधले. करुणेचा उपदेश करणाऱ्या महापुरुषाचे नाव त्याला का द्यावे हे देणाऱ्यांनाच ठाऊक. यमुना द्रुतगती मार्गाच्या प्राधिकरणाने संपादिलेल्या जमिनींतून ‘क्रीडानगरी’साठी एक हजार हेक्टर या समूहाला दिले गेले. संपादनाचा कायदा होता १८९४ चा, इंग्रजांच्या अमदानीतला. मे २०११ मध्ये याच प्राधिकरणाच्या भूसंपादनाविरुद्ध भट्टा-पारसौल येथे शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले. दोन शेतकरी आणि दोन पोलीस मेले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ३० ऑक्टोबर २०११ रोजी, पहिली भारतीय ग्रां प्री थाटात पार पडली. सरावाच्या पहिल्याच दिवशी एक भटके कुत्रे मार्गावर आले आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. ज्यांची जमीन गेली होती त्यांच्यासाठी मात्र काही थांबले नाही.

या सर्किटचे तीन अवतार सरकारदरबारी पाहावयास मिळतात. जमीन घेताना ते सार्वजनिक हिताचे. करमणूक कर माफ करून घेताना तो खेळ. वास्तविक २००९ साली केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने ही करमणूक आहे, खेळ नव्हे, अशी भूमिका घेतली होती. ही माफी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये तिकिटांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवण्याचा आदेश झाला. तिसरा अवतार आयकराच्या वेळचा : लंडनच्या कंपनीचे म्हणणे असे की, ती येथे वर्षातून तीन दिवसांची पाहुणी, तिचे भारतात कायमचे ठाणे नाही, म्हणून ४ कोटी डॉलरच्या करारावर येथे कर लागू नये. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. जमीन घेताना लोकहित, करमाफी मागताना खेळाडू आणि कर भरताना पाहुणा! २०१३ नंतर ही मोटारशर्यतही आली नाही. थकबाकीपोटी प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२० मध्ये क्रीडानगरीचे भूवाटप रद्द केले, अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते मार्च २०२५ मध्ये ग्राह्य धरले, आणि दरम्यान २०२४ च्या जूनमध्ये जयप्रकाश असोसिएट्स दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

त्याच काळात या शर्यतीत ‘फोर्स इंडिया’ नावाचा संघ विजय मल्ल्या यांच्या मालकीने धावत होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये दुसऱ्या भारतीय ग्रां प्रीच्या सुमारास त्यांच्या किंगफिशर विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन् महिने थकलेले होते, आणि त्यांनी शर्यतीच्या ठिकाणी निदर्शने करण्याचा इशारा दिला होता. सरकारी बँकांचे कर्ज थकले. मार्च २०१६ मध्ये मालक देश सोडून गेले. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना फरारी आर्थिक गुन्हेगार घोषित केले. विलेपार्ले येथील किंगफिशर हाऊस बँकांनी लिलावाला काढले, तेव्हा गिऱ्हाईक मिळावयास पाच वर्षे लागली. आणि संघाचे काय झाले? जुलै २०१८ मध्ये तो देशोधडीला लागण्याच्या बेतात असताना त्याच्या चालकाने, सर्जियो पेरेझ या मेक्सिकन माणसाने, थकलेल्या मानधनाचा धनको या नात्याने न्यायालयामार्फत प्रशासक नेमवून घेतला, जेणेकरून संघ मोडीत न निघता चारशे कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या वाचाव्यात. त्या नोकऱ्या वाचल्या. जोखमीचा मोबदला म्हणून नफा घेणारा मालक जेव्हा जबाबदारीतून निसटला, तेव्हा जबाबदारी घेतली ती गाडी चालविणाऱ्याने.

अशा शर्यतींचा मोह राज्य सरकारांना अजून सुटलेला नाही. हैदराबादने फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेच्या गाड्यांची शर्यत भरविली, पुढच्या वर्षीची रद्द झाली, आणि पैशांच्या देण्यावरून डिसेंबर २०२४ मध्ये गुन्हा दाखल झाला. चेन्नईने ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस भर शहरातील रस्त्यांवर रात्रीची शर्यत घेतली. मेलबर्नमधील अल्बर्ट पार्क या सार्वजनिक उद्यानातील शर्यतीचा बोजा व्हिक्टोरिया राज्याच्या तिजोरीवर पडतो, आणि ‘सेव्ह अल्बर्ट पार्क’ ही नागरिकांची संघटना १९९४ पासून त्याविरुद्ध झगडत आली आहे. उद्या मुंबईत वा नवी मुंबईत असा प्रस्ताव आला तर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी खेळाला नाके मुरडू नयेत. गाड्यांचे आकर्षण कामगारवस्तीतल्या पोरांनाही आहे आणि ते निर्मळ आहे. कार्यकर्त्यांनी विधिमंडळाच्या पटलावर पुढील कागद मागावेत : परदेशी हक्कधारकाशी झालेला संपूर्ण करार, यजमानशुल्काचा आकडा आणि ते कोणाच्या खिशातून जाणार याचा खुलासा; जमीन कोणाची, कोणत्या कायद्याने व कोणत्या भावाने घेतली याचा तपशील; तोटा झाल्यास तो कोण सोसणार याची लेखी हमी; बांधकामावरील मजुरांचे वेतनपत्रक; आणि मार्गाच्या कडेला झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रत्येक माणसाची विमा पॉलिसी.